ट्रेंचमधली शाळा

पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा ट्रेंचमध्ये होते. खड्ड्याची उभी भिंत, म्हणजे सेक्शन, त्याला वाचता यावी लागते. आधी ती ट्रॉवेलने हलक्या हाताने खरवडायची. मातीचा रंग, ओल, भुसभुशीतपणा, मध्येच आलेला राखेचा पट्टा पाहून एक थर कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे ठरवायचं. ट्रॉवेलच्या टोकाने तिथे रेघ ओढायची, थरांना वरून खाली क्रमांक द्यायचे, खिळ्यांना चिठ्ठ्या बांधायच्या. मग दोरी पातळीत ताणून, टेपने मापं घेत ती अख्खी भिंत आलेखाच्या कागदावर उतरवायची. हे कसब हाताकडून हाताकडे येतं. ते आपल्याकडे कोणाच्या हातून आलं, याचा माग काढता येतो.

मुळाशी आहेत जनरल पिट-रिव्हर्स. इंग्लंडमधल्या क्रॅनबोर्न चेस इथल्या आपल्या जमिनीवर त्यांनी 1880 नंतर उत्खननं केली, पदरी पगारी सहायक ठेवले आणि साध्या खापरांचीही काटेकोर नोंद करायला लावली. हा धडा मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा यांनी उचलला. व्हेरुलेमियम (1930–33) आणि मेडन कॅसल (1934–37) ही त्यांची उत्खननं म्हणजे विद्यार्थ्यांच्या कार्यशाळाच होत्या. जागेचे चौकोन आखायचे, दोन चौकोनांमध्ये न खणलेली मातीची भिंत, म्हणजे बाल्क, राखायची आणि तिच्यावर थर वाचायचे, ही शिस्त तिथे पक्की झाली. पुढे जेरिको खणणाऱ्या कॅथलीन केनियन व्हेरुलेमियमलाच तयार झाल्या.

भारतात तेव्हा वेगळी रीत होती. मोहेंजोदडोला वस्तू किती खोलीवर सापडली याची नोंद एका ठरावीक पातळीपासून मोजून होई. पण जुनी वस्ती सपाट नसते. चढउतार असतात, नंतरच्या लोकांनी खणलेले खड्डे असतात. एकाच खोलीवरच्या दोन वस्तूंमध्ये कित्येक शतकांचं अंतर असू शकतं. 1939 मध्ये लिओनार्ड वूली यांनी भारतातल्या पुरातत्त्वीय कामाची पाहणी करून कडक अहवाल दिला. पाच वर्षांनी, 1944 मध्ये, व्हीलर थेट युद्धावरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून आले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षण शाळा भरवली. जॉन मार्शल यांनी जिथे दोन दशकं खणलं, तिथेच विद्यापीठांतून आणि सर्वेक्षणातून आलेली साठेक मुलं नव्याने खणायला शिकली. पुढे 1945 मध्ये अरिकमेडू, 1946 मध्ये हडप्पा, 1947 मध्ये ब्रह्मगिरी अशी उत्खननं झाली, आणि प्रत्येक उत्खननात शिकवणं चालूच राहिलं.

त्या एका शाळेचं फळ केवढं मोठं! 1968 ते 1981 या काळात सर्वेक्षणाचे महासंचालक झालेले बी. बी. लाल, म. न. देशपांडे आणि बी. के. थापर हे तिघेही तक्षशिलेचे विद्यार्थी. त्यांतल्या देशपांडे यांचं महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगाच्या शोधातलं काम पायाभूत आहे.

महाराष्ट्रात मात्र ही विद्या आणखी एका वाटेने, तक्षशिलेच्याही आधी पोचली होती. हसमुख सांकलिया लंडनला पीएच.डी. करत असताना मेडन कॅसलला व्हीलर यांच्या हाताखाली खणून आले होते. 1939 मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं, तेव्हा ते तिथे रुजू झाले. विद्यार्थ्याने आपला प्रदेश पायी पालथा घालायचा, नदीकाठ धुंडाळायचे, दगडी हत्यारं हातात घेऊन ओळखायची, असा त्यांचा शिरस्ता होता. गुजरातेतल्या लांघणजला इरावती कर्वे त्यांच्याबरोबर होत्या. पुढे नाशिक, जोर्वे, नेवासे, नर्मदाकाठचं नावडातोली अशी उत्खननं होत गेली. या मुशीतून तयार झालेली माणसं बाहेर पडली. सुब्बाराव बडोद्याला गेले. शां. भा. देव यांनी नागपूरला विभाग उभा केला. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदन खणलं.

या परंपरेचं सगळ्यात भरघोस पीक इनामगावात आलं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेलं हे पांढरीचं टेकाड 1968 ते 1983 या काळात बारा हंगाम खणलं गेलं. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी इथे व्हीलरी शिस्त राखली, पण प्रश्न बदलला. काळाचा क्रम लावण्यापुरता खोल खड्डा न घेता त्यांनी आडवं, विस्तीर्ण खणलं. शंभराहून अधिक घरं उघडी झाली. जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुलं, घोट्याखाली पाय तोडून पुरलेली मोठी माणसं, पाच खोल्यांचं घर, पाण्याचा पाट आणि बांध मिळाले. जळकी धान्यं, जनावरांची हाडं, माणसांचे सांगाडे यांचा अभ्यास करणारे वेगवेगळे जाणकार एकाच टेकाडावर काम करत होते. तिथे उमेदवारी केलेल्या विद्यार्थ्याला गाव कसं जगलं ते कळलं.

या शाळेत आणखी एक गुरू असतो, तो म्हणजे मजूर. हंगामामागून हंगाम टिकाव मारलेल्या माणसाला पायाखालची माती कडक झाली की चोपलेली जमीन लागली हे आधी कळतं. शहाणा विद्यार्थी त्याच्याशेजारी घमेलं उचलतो. संध्याकाळी पॉटरी यार्डात धुतलेली खापरं थराप्रमाणे चौकोनांत मांडताना त्याचं पुढचं शिक्षण होतं. एक चिठ्ठी चुकली की त्या ढिगाची किंमत संपते.

सर्वेक्षणाने 1959 मध्ये दिल्लीत स्वतःची पुरातत्त्व शाळा काढली. तिचा वारसा आज ग्रेटर नोएडातली संस्था चालवते. तरी विद्यापीठांची जबाबदारी हलकी होत नाही. रसायनशास्त्राचा विद्यार्थी चुकलेला प्रयोग पुन्हा करू शकतो. खणलेला थर पुन्हा मिळत नाही. त्याची वही, त्याचा नकाशा एवढंच मागे उरतं, आणि पुढच्या पिढ्यांना त्यावरच विश्वास ठेवावा लागतो. म्हणून उत्खननाचा हंगाम हा अभ्यासक्रमाचा कणा आहे, त्याला सहलीसारखं वागवून चालणार नाही. राज्यात उत्खननाचा जो जो परवाना निघेल, त्यात विद्यार्थ्यांच्या जागा आधी ठरल्या पाहिजेत, त्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च अंदाजपत्रकात आला पाहिजे, आणि शिकवणारा माणूस पूर्ण हंगामभर ट्रेंचवर हजर असला पाहिजे. पिट-रिव्हर्सपासून इनामगावपर्यंत ही साखळी टिकली, कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी जाणत्याने नवख्याच्या हातात ट्रॉवेल दिली आणि तो शिकेपर्यंत त्याच्याशेजारी उभा राहिला.