वाटोळं म्हणजे गोल



गेल्या रविवारी नात पोळी लाटायला बसली. पोळीचा नकाशा झाला. मी सहज बोलून गेले, "अगं, वाटोळं केलंस!" पोरगी हिरमुसली, लाटणं ठेवून निघून गेली. मला फार वाईट वाटलं. गंमत अशी की वाटोळं म्हणजे गोल. पोळी वाटोळी झाली असती तर तक्रारच नव्हती!

मग मी त्या शब्दाच्या मागे लागले. संस्कृतात 'वृत्' म्हणजे वळणे, फिरणे. त्यातूनच 'वृत्त' आणि 'वर्तुल' आले. प्राकृतात 'र्त'चा 'ट्ट' होऊन 'वट्टुल' झालं. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी आपल्या 'सिद्धहेम' व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृतचे नियम सांगितले, त्यात हे उदाहरण आहे. पुढे मराठीत 'सत्त'चं सात झालं तसा आधीचा स्वर लांबला, 'फल'चं फळ झालं तसा 'ल'चा 'ळ' झाला. वट्टुलचं झालं वाटोळं.

स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा तिसरा अध्याय आपण वाचतो. त्यात जंबूद्वीप 'वृत्त' आहे, १ लाख योजने व्यासाचा. भोवतीचे समुद्र आणि द्वीप 'वलय' आहेत, म्हणजे बांगडीसारखे, प्रत्येक आधीच्यापेक्षा दुप्पट रुंद. पोळीही गोल, बांगडीही गोल, पण एक भरीव, एक पोकळ. आपल्या आचार्यांनी दोन्हींना वेगळे शब्द ठेवले. जंबूद्वीपाचा परीघ ३,१६,२२७ योजनांहून थोडा जास्त सांगितलाय. व्यासाला १०च्या वर्गमुळाने गुणा, तेवढाच येतो. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं!

मग अशा चांगल्या शब्दाला नाश कुठून चिकटला? माझ्या कॉमर्सच्या डोक्याला वाटतं, शून्यही वाटोळंच असतं. सगळं गेल्यावर खात्यात तेच उरतं. हा आपला माझा तर्क.

पण मूळ अर्थ काही असो, नातीला लागला तो नाशाचाच. शब्द आपण कुठल्या अर्थाने टाकला यापेक्षा समोरच्याने कुठल्या अर्थाने झेलला हे मोठं. भाषा समिती साधूंसाठी सांगितली आहे, पण स्वयंपाकघरातही ती थोडी हवीच.

संध्याकाळी तिला जवळ घेऊन ही सगळी गोष्ट सांगितली. म्हणाली, "मग आजी, उद्या मी खरंच वाटोळं करीन!"

आणि केलं की!