‘साधना’ची वाटचाल : जाणत्या वयाशी खरे बोलणारे साप्ताहिक

15 ऑगस्ट 1948 रोजी साने गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, तेव्हा गांधीजींच्या खुनाला सात महिनेही झाले नव्हते. त्या खुनानंतर महाराष्ट्रात घरे जाळली गेली, गावागावांत जातीचा राग उफाळून आला. गुरुजींनी 21 दिवसांचा उपवास केला. राजकीय हिंसेने हादरलेल्या समाजाशी रोज बोलता यावे म्हणून त्यांनी ‘कर्तव्य’ हे सायंदैनिक काढले. ते फार काळ चालले नाही. त्यानंतर ‘साधना’ आली.

गुरुजी मूळचे शिक्षक. अमळनेरच्या शाळेत असताना त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक चालवले. 1938 साली ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढून त्यातून खानदेशातल्या शेतकरी-कामगारांचे प्रश्न मांडले. मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आपण आईच्या मायेसाठी वाचतो. पण कर्जात बुडत चाललेल्या घरातल्या मुलाला सोसावा लागणारा अपमानही तिच्यात आहे. मुलांपासून दारिद्र्य झाकून ठेवायचे नाही, ही शिकवण ‘साधना’ला संस्थापकाकडूनच मिळाली.

11 जून 1950 रोजी गुरुजी गेले. पुढे आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांनी साप्ताहिक सांभाळले. यदुनाथ थत्ते यांच्या दीर्घ संपादकीय काळात त्याची सर्वांत मोठी परीक्षा झाली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, 15 ऑगस्ट 1972 च्या विशेषांकाची जबाबदारी तरुण अनिल अवचट यांच्याकडे होती. त्या अंकात राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख लिहिला. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्याला होणारी शिक्षा त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. महाराष्ट्रभर वादळ उठले. नुकत्याच स्थापन झालेल्या दलित पँथर या ढाले यांच्या संघटनेचे नाव घरोघर पोहोचले. लिहिणारे हात विशी-तिशीतल्या पोरांचे होते. गावकुसाबाहेरच्या तरुणाचा संताप त्याच्याच शब्दांत छापण्याचे धैर्य ‘साधना’ने दाखवले, हे मला या वाटचालीतले मोलाचे वळण वाटते. पुढे आणीबाणीतही सेन्सॉरपुढे ‘साधना’ने मान तुकवली नाही.

1998 मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर संपादक झाले. त्यांच्याच काळात बालकुमार दिवाळी अंक सुरू झाला आणि शाळाशाळांतून तो फार मोठ्या संख्येने मुलांच्या हाती गेला. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडण्यात आल्या. मुलांच्या हाती विचार करायला लावणारा अंक देणारा संपादक असा मारला गेला. तरीही अंक थांबला नाही. विनोद शिरसाठ यांनी धुरा घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दाभोलकरांनी वर्षानुवर्षे मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. त्यांच्या खुनाच्या खटल्याचा निकाल लागायला मात्र मे 2024 उजाडला. दोन मारेकऱ्यांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

शारजातल्या रोल्ला भागात राहून हा प्रवास पाहताना माझ्या डोळ्यांसमोर इथली मुले येतात. इथल्या मराठी घरांतली चौदा-पंधरा वर्षांची मुले ‘द हंगर गेम्स’ ही इंग्रजी कादंबरी झपाटल्यासारखी वाचतात. त्यातला कोळसा खाणींचा बारावा जिल्हा अमेरिकेच्या ॲपलाचिया डोंगरपट्ट्यात वसवलेला आहे. तिथे खाणमालक आणि कामगार यांचा रक्तरंजित संघर्ष खरोखर घडला आहे; 1921 साली वेस्ट व्हर्जिनियात ब्लेअर डोंगरावर हजारो खाणकामगारांनी बंदुका उचलल्या होत्या. उपासमार, सत्तेची क्रूरता, ‘मी कोणाची?’ हा प्रश्न, हे सारे या वयाला पेलते आणि हवेही असते. मग वाटेगावच्या मातीतली, अण्णा भाऊ साठे यांची 1959 ची ‘फकिरा’ कादंबरी त्यांच्या हाती का नसावी? दुष्काळात भुकेल्या माणसांसाठी इंग्रजी सत्तेशी भिडणारा फकिरा त्यांना परका वाटणार नाही.

परदेशातल्या आपल्या घरांत महाराष्ट्र पोहोचतो तो बहुधा गणपती, फराळ आणि किल्ल्यांच्या चित्रांतून. ते प्रेमाचे आहे, पण अपुरे आहे. इथे मुले रोज पाहतात की इमारत बांधणारा कामगार वेगळ्या वस्तीत राहतो आणि आपण वेगळ्या. वर्गभेद त्यांना दिसतो. त्याबद्दल बोलायला मराठी शब्द त्यांच्याजवळ नसतात. ते शब्द ‘साधना’ने साठवून ठेवले आहेत. 2019 पासून ‘कर्तव्य साधना’ हे डिजिटल व्यासपीठ सुरू आहे. गुरुजींच्या दैनिकाचे नाव आता समुद्रापलीकडच्या फोनवरही उघडते.

पुढच्या टप्प्याकडून माझी एक मागणी आहे. लेख आणि मुलाखती यांच्या जोडीला ‘साधना’ने पूर्ण लांबीची किशोर कादंबरी हाती घ्यावी. दरवर्षी आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी बीडची मुलगी, वरातीच्या वाटेवरून झालेल्या मारहाणीनंतर गाव सोडणारा मुलगा, निवडणुकीच्या वैरात भाऊ गमावलेली बहीण, अशी माणसे त्यात नायक म्हणून यावीत. ती लिहिण्यासाठी त्या गावांतल्याच तरुणांना बोलवावे, जसे 1972 मध्ये बोलावले होते. आणि आपण, दूर राहणाऱ्या आईबापांनी, ती विकत घ्यावी, मुलांबरोबर वाचावी आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत.