वीरगळाचे कूळ

पन्हाळ्याच्या परिसरात देवळाच्या आवारात, पाराजवळ किंवा शेताच्या बांधावर वीरगळ दिसला की आपण तो शिलाहार-यादव काळाचा समजून पुढे जातो. कालनिर्णय म्हणून ते बहुधा बरोबरच असते. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार दुसरा भोज पन्हाळ्यावरून राज्य करीत होता, तेराव्याच्या आरंभी यादव सिंघणाने त्याचा पाडाव केला, आणि अशा धामधुमीत गावोगाव दगड उभे राहिले. करवीर तालुक्यातले कसबा बीड तर वीरगळांसाठीच ओळखले जाते. पण या दगडांचे कूळ कोणत्याही राजघराण्याहून जुने आहे. मृताच्या नावे दगड रोवण्याची दख्खनची प्राचीन चाल वीरगळाच्या रूपाने बोलकी झाली, असे माझे मत आहे.

विदर्भात जुनापाणी, माहुरझरी येथे लोहयुगातील शिळावर्तुळांखाली दफने सापडली. मृत आणि मोठा दगड यांचे नाते इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. यावर आक्षेप असा, की वर्तुळ म्हणजे उभी शिळा नव्हे, आणि उभी शिळाही दर वेळी स्मारक नसते. कृष्णाकाठच्या मुडुमलचे उंच पाषाण सूर्याच्या गतीशी जुळवून रोवले असावेत, असे अभ्यासक मानतात. आक्षेप रास्त आहे, म्हणून केवळ आकारसाम्यावर विसंबता येत नाही. निर्णायक पुरावा तमिळनाडूतल्या पुलिमानकोंबै गावी 2006 मध्ये मिळाला. तिथल्या, इसवी सनापूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या शिळांवर चित्र नाही, फक्त तमिळ-ब्राह्मी अक्षरे आहेत. त्यांतली एक गुरे पळवण्याच्या झटापटीत पडलेल्या माणसाची आठवण सांगते. हजार-दीड हजार वर्षांनंतर आपल्याकडच्या कित्येक वीरगळांच्या तळच्या चौकटीत तीच गुरे आणि तीच झुंज कोरलेली सापडते. वर अप्सरा वीराला स्वर्गात नेतात, त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. स्वर्ग आणि शिवलिंग ही नंतरची भर आहे. दगड, मृत्यू आणि गोधनाचे रक्षण हा गाभा जुनाच राहिला.

मधल्या शतकांचे दुवे महाराष्ट्रात का सापडत नाहीत, असेही विचारले जाईल. अनघड दगडाला तारीख नसते आणि लाकडी स्मारके कुजून जातात, हे त्याचे पटणारे कारण आहे. चाल मात्र मेलेली नाही. गडचिरोलीतील माडिया गोंड आपल्या मृतांसाठी आजही अनघड शिळा उभ्या करतात.

म्हणूनच वीरगळ उचलून संग्रहालयात ठेवणे हा पहिला उपाय असू नये. तेल-शेंदराने शिल्प झाकले जाते हे खरे, पण त्याच श्रद्धेने तो दगड फोडण्यापासून वाचवला आहे. शिवाय जागेवरून हलवलेला दगड कोणत्या शिवेवर, कोणत्या गावासाठी उभा होता, हे सांगू शकत नाही. पन्हाळगड केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे आणि जुलै 2025 मध्ये तो जागतिक वारसा यादीतही गेला. तटाबाहेरच्या बांधावरच्या दगडाला मात्र हे कवच आपोआप मिळत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील वीरगळांची जागा, माप आणि छायाचित्र यांची नोंद करावी, त्यांना ऑइलपेंट लावू देऊ नये आणि रस्ता रुंद करताना ते हलवू देऊ नयेत. गडाइतकाच हा वारसाही पन्हाळ्याचा आहे, आणि त्याची राखण गावकऱ्यांनीच करायची आहे.