दख्खनमधील शस्त्रांची निगा आणि शिकलगारांचे योगदान : दौलताबादच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासलेखनात शस्त्रांचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. शस्त्र कोणी घडविले आणि ते कोणत्या लढाईत वापरले गेले, ही ती दोन अंगे होत. परंतु कोणतेही शस्त्र आपल्या आयुष्याचा फार थोडा काळ रणांगणावर असते. उरलेला काळ ते म्यानात, सिलेखान्यात किंवा बुरुजावर पडून असते. या काळात त्यास गंज चढू न देणे, त्याची धार राखणे व ते ऐनवेळी हाताशी येईल अशा स्थितीत ठेवणे हे स्वतंत्र कौशल्य होते. हे कौशल्य जोपासणाऱ्या कारागिरांची दखल मात्र इतिहासाने अपवादानेच घेतली. प्रस्तुत निबंधात दौलताबादच्या किल्ल्याचा संदर्भ घेऊन शस्त्रांच्या निगेची परंपरा व ती सांभाळणारा शिकलगार यांचा विचार केला आहे.

दौलताबाद : साठा आणि निगा

यादवांच्या काळी देवगिरी म्हणून ख्यातनाम असलेला हा दुर्ग 1327 मध्ये मुहंमद तुघलकाने राजधानीसाठी निवडला. पुढे बहमनी, निजामशाही, मोगल व हैदराबादचे निजाम अशा सत्तांकडे तो क्रमाने गेला. तासलेले कडे, खोल खंदक व अंधारी यांमुळे हा किल्ला थेट हल्ल्याने घेणे दुष्कर होते. त्याचे भवितव्य अनेकदा आतील साठ्यावर ठरले. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीस वेढा दिला. त्या वेळी धान्याची म्हणून घाईने किल्ल्यात आणलेली पोती प्रत्यक्षात मिठाची निघाली, असे फिरिश्ता सांगतो. ही कथा शब्दशः खरी मानावी की नाही, याविषयी दुमत होऊ शकते. तथापि न तपासलेला साठा हा नसलेल्या साठ्यासारखाच असतो, हा तिचा आशय महत्त्वाचा आहे. 1633 मध्ये महाबतखानाने हा किल्ला घेतला, तेव्हाही वेढ्यातील अन्नटंचाई निर्णायक ठरली.

जो न्याय धान्यास, तोच शस्त्रांस लागू पडतो. दौलताबादची प्रसिद्ध मेंढा तोप कांस्य धातूची असून तिच्या मागील टोकास मेंढ्याच्या मस्तकाचा आकार दिलेला आहे. तिच्यावर ‘किला शिकन’ हे नाव कोरलेले आहे. कांस्यावर कालांतराने हिरवट थर चढतो आणि तो बहुधा आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचे तसे नाही. लोखंडावरील गंज सच्छिद्र असतो व तो धातूस आतपर्यंत पोखरत जातो. त्यामुळे लोखंडी तोफा, तलवारी, कट्यारी आणि भाले यांना दर पावसाळ्यात माणसाचा हात लागणे अनिवार्य होते.

लिखित साधनांतील निगेचे उल्लेख

या गरजेची जाण तत्कालीन राज्यकर्त्यांना होती. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत बंदुका साफ करण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. एकाच वेळी सोळा नळ्या साफ करणाऱ्या व जनावराच्या बळावर फिरणाऱ्या चक्राचे वर्णन तेथे आढळते. मराठी राजवटीत राज्यव्यवहारकोशाने शस्त्रांसाठी ‘शस्त्रवर्ग’ हा निराळा वर्ग योजिला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर निगेची शिस्तच घालून दिलेली दिसते. दारू, बाण इत्यादी सामग्री हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून उन्हात घालावी व पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. पावसाळ्यात तोफांना व दरवाजांना तेल-मेण द्यावे आणि तोफांचे काने मेणाने बुजवावेत, अशीही सूचना आहे. आज्ञापत्राने दुर्गांना राज्याचे सार मानले. त्याच ग्रंथाने तेला-मेणासारख्या किरकोळ वाटणाऱ्या बाबीचीही नोंद घ्यावी, हे लक्षणीय आहे.

शिकलगार : नाव आणि काम

‘शिकलगार’ हा शब्द अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई या शब्दास फारसी ‘गर’ हा प्रत्यय लागून बनला आहे. झिलई करणारा, धार लावणारा असा त्याचा अर्थ होतो. लोहार पाते घडवी. शिकलगार त्यास कामाचे करी व कामाचे राखी. त्याचे मुख्य साधन साण होय. कुरुंदाची पूड लाखेत कालवून साणेचे चाक बनवीत. खरखरीत चाकाने गंज व खाचा काढावयाच्या, त्यानंतर अधिकाधिक बारीक पुडीने पाते उजळावयाचे, असा क्रम असे. तेलंगणातील उक्कू पोलादाच्या पात्यावर कसिसाचे पाणी फिरवून त्याचे ‘जौहर’ म्हणजे अंगचे लहरीदार नक्षीरूप उठविणे हे विशेष कसबाचे काम होते. साण जास्त चालली तर पाते झिजे, कमी चालली तर गंज उरे. नेमके किती घासावे याचा अंदाज हातालाच असे.

दख्खनी तलवारीच्या मुठीत पाते लाख वा राळेने बसविलेले असे. त्यामुळे पाते साफ करताना ते तापू न देणे आवश्यक ठरे. अन्यथा मूठ ढिली पडे. लाकडी म्यानावरील कातडे किंवा मखमल ओल धरून ठेवी. हाताचा घाम पात्यावर राहिल्यास त्यातील क्षारांमुळे बोटांच्या ठशाच्या आकाराचा गंज उमटे. पाते कोरडे पुसणे, तेलाचा पातळ हात फिरविणे आणि म्यान सुकवून मगच पाते आत सारणे, ही निगेची त्रिसूत्री या अनुभवातून सिद्ध झाली.

या कामाला धार्मिक आचाराचीही जोड मिळाली. खंडेनवमीस शस्त्रे व अवजारे स्वच्छ करून पूजण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. पावसाळा सरताच येणारा हा दिवस गंज तपासण्यास अत्यंत सोयीचा होता. मराठवाड्यातच नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिब येथे दिवाळीच्या सुमारास ‘तख्त स्नान’ होते. गोदावरीचे पाणी आणून तख्त धुतले जाते व तेथील प्राचीन शस्त्रांची स्वच्छता केली जाते. नांदेड परिसरातील शिकलगार शीख आहेत, तर पश्चिम महाराष्ट्रात शिकलगार हे आडनाव मुस्लिम कुटुंबांत आढळते. धर्म निराळे असले तरी व्यवसायाचे नाव एकच राहिले.

सिलेखान्यातून खिशाकडे

संस्थानी फौजा विसर्जित झाल्या, 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1959 च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांवर नियंत्रण आले. तलवारीचे काम आटले. शिकलगाराची साण विळी, कात्री, वस्तरा व चाकू यांकडे वळली. याच सुमारास हिंदी चित्रपटांमुळे मराठी माणसास परिचित झालेला, कळ दाबताच उघडणारा रामपुरी चाकू हे जुन्या प्रश्नाचे नवे रूप होते. उत्तर प्रदेशातील रामपूर या पूर्वीच्या संस्थानी शहरावरून त्यास हे नाव मिळाले. तलवारीचा शत्रू पात्यावर बसतो. खटक्याच्या चाकूचा शत्रू मुठीच्या आत दडतो. खिशातील धूळ, सुताचे धागे आणि जुने घट्ट झालेले तेल स्प्रिंगपाशी साचले की पाते अर्धवट उघडते किंवा खटका नीट अडकत नाही. अशा वेळी आणखी तेल ओतल्याने धूळ अधिकच चिकटते. आधी आतील मळ काढून, भाग पूर्ण कोरडे करून, सांध्यावर तेलाचा एखादाच थेंब देणे हाच योग्य उपाय ठरतो. आधी कोरडे, मग तेल, हा म्यानाचाच नियम येथे मुठीस लागू झाला.

निगा की नाश?

जुन्या घराण्यांतील शस्त्रांबाबत आज वेगळाच धोका उद्भवला आहे. शिकलगार दुर्मीळ झाल्याने दसऱ्याला तलवारी विटेची पूड, चिंच, आम्ल किंवा विजेवर चालणाऱ्या चाकाने घासल्या जातात. पाते चकाकते, परंतु त्यावरील जौहर, कोरीव अक्षरे, सोन्याचे काम आणि कारागिराची खूण नाहीशी होते. सैनिकाच्या दृष्टीने चकाकी ही निगा होती. इतिहासाच्या दृष्टीने तीच पुराव्याचा नाश ठरू शकते. म्हणूनच आधुनिक जतनशास्त्र सक्रिय गंज थांबविणे, ओल नियंत्रित ठेवणे व शक्य तितके कमी घासणे यांवर भर देते. कुशल शिकलगाराचा संयम आणि जतनशास्त्राचा हा नियम परस्परविरोधी नाहीत.

निष्कर्ष

1. दख्खनमधील किल्ल्यांचे सामर्थ्य तटबंदीइतकेच आतील सामग्रीच्या नियमित तपासणीवर अवलंबून होते.

2. आज्ञापत्र व ऐन-इ-अकबरी यांवरून शस्त्रांची निगा ही राज्यव्यवहाराची मान्य बाब होती, असे दिसते.

3. शिकलगारांचे ज्ञान हाताचे व अलिखित असल्याने व्यवसाय संपताच ते लुप्त होण्याचा संभव आहे. वयोवृद्ध कारागिरांच्या मौखिक नोंदी घेणे हे मराठवाड्यातील इतिहास विभागांचे तातडीचे कर्तव्य ठरते.

4. घरोघरीच्या शस्त्रांबाबत वस्तुसंग्रहालयांनी मार्गदर्शन केल्यास पूजेची प्रथा आणि पुरावा दोन्ही टिकतील.

दौलताबाद पाहणाऱ्याचे लक्ष तोफेकडे जाते. ती तोफ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुसली, त्यांची नावे मात्र तिच्यावर कोरलेली नाहीत. ती उणीव भरून काढणे हे इतिहासाचेच काम आहे.