फॉरमॅट मारला

‘फॉरमॅट केला’ असं मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात तरी कधी ऐकलं नाही. तो मारायचाच असतो, शिक्का मारावा तसा. २००१ साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या एका छापखान्याचे मालक माझ्या गाळ्यात आले तेही हेच सांगत. "फॉरमॅट मारला हो त्यानं." कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून त्यांनी गल्लीतलाच एक मेकॅनिक बोलावला होता. त्यानं सगळं फ्रेश करून दिलं. त्या ‘सगळं’मध्ये एक अख्खा दिवाळी अंक होता आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. मालकांनी हार्ड डिस्क रुमालात बांधून आणली होती. टेबलावर ठेवताना नकळत तिला नमस्कारही केला.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "त्यानंतर त्यावर काय टाकलं?"

"विंडोज टाकलं परत. आणि गाणी."

गाणी ऐकून माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगायला आमच्या चाळीत जावं लागेल.

गिरगावात आमच्या जिन्याखाली एक काळा फळा होता. त्यावर पांढऱ्या रंगात भाडेकरूंची नावं आणि खोल्यांचे नंबर. पोस्टमन तो फळा वाचूनच वर चढायचा. समजा रातोरात कोणी फळ्याला काळा रंग फासला, तर नव्या पोस्टमनच्या लेखी चाळ रिकामी. बिऱ्हाडं मात्र आपापल्या खोल्यांत, स्टोव्ह पेटलेले, रेडिओ चालू. हार्ड डिस्कवरचा फॉरमॅट त्या काळात बहुतेक वेळा एवढंच करायचा, फळा रंगवायचा. खरा घात पुढे असतो. फळ्यावर खोली मोकळी दिसते म्हणून तिथे नवा भाडेकरू येतो, आणि तेव्हा जुन्याचं सामान खरोखर रस्त्यावर जातं. छापखान्याच्या डिस्कवर विंडोज आणि गाणी हे ते नवे भाडेकरू. किती खोल्या बळकावल्या असतील, हे डिस्क लावल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

हा फळा म्हणजे फॅट, फाइल अ‍ॅलोकेशन टेबल. १९७७ साली मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क मॅक्डोनाल्डनं तो फ्लॉपीसाठी लिहिला, आणि वीस-पंचवीस वर्षं जगातल्या बहुतेक घरगुती कॉम्प्युटरांचा हिशेब त्यावर चालला. त्यात एक खोड होती. जागा असेल तशी द्यायची, म्हणून एकाच कुटुंबाला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि तळमजल्यावर एक, असं व्हायचं. एका खोलीनंतर पुढची कोणती, हे फक्त फळ्यावर. कुटुंब सलग खोल्यांत राहत असेल तर फळ्यावाचूनही सापडतं. विखुरलेलं असेल तर ‘ही ताई कोणाची’ असं विचारत मजले चढायचे.

गेलेला डेटा परत काढायच्या या धंद्यात मी १९८९ मध्ये शिरलो, तो हमाल म्हणूनच. वीस एमबीची डिस्क तेव्हा विटेएवढी जड असायची आणि चालू होताना गिरणीच्या भोंग्यासारखा सूर लावायची. आमच्या शेठकडे पीटर नॉर्टनच्या युटिलिटीजची फ्लॉपी होती. खरी की नकली, ते विचारू नये. नॉर्टन हा अमेरिकन प्रोग्रामर. स्वतःच्या हातून एक फाइल चुकून पुसली गेली म्हणून त्यानं ती परत आणण्याचा प्रोग्राम लिहिला, आणि १९८२ मध्ये ‘अनइरेज’ बाजारात आणला. माझ्या धंद्याचा मूळपुरुष कोण असं विचारलं तर मी त्याचंच नाव घेईन.

अनइरेजची गंमत अशी. डॉसमध्ये फाइल पुसली की तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडलं जायचं आणि तिथे ई५ हा आकडा बसायचा. पडद्यावर तो ग्रीक सिग्मासारखा दिसे. बाकीचं नाव, तारीख, आकारमान, पहिल्या खोलीचा नंबर, सगळं जागच्या जागी. ‘लक्ष्मी’चं उरायचं ‘क्ष्मी’. नॉर्टन विचारायचा, पहिलं अक्षर सांगा. गिऱ्हाईक डोकं धरून बसायचं, जणू चुकीचं अक्षर सांगितलं तर फाइल रागावेल. भुलेश्वरच्या एका पेढीचे मुनीमजी शहाणे होते. म्हणाले, "कोणतंही घाल रे. आकडे शाबूत आहेत ना?" आणि खरंच कोणतंही चालायचं.

फॉरमॅटचं मात्र लोकांना कधी उमगलं नाही, कारण एकच आज्ञा दोन ठिकाणी दोन कामं करायची. फ्लॉपीवर फॉरमॅट मारला की डॉस खरोखर पहिल्यापासून शेवटपर्यंत आखणी नव्यानं करायचा. जुनं काही उरत नसे. हार्ड डिस्कवर तोच फॉरमॅट टक्केवारी दाखवत चांगला अर्धा तास चालायचा, आणि लोकांना वाटायचं की आत घासून-पुसून सफाई चालली आहे. प्रत्यक्षात तो फक्त वाचत सुटलेला असायचा, कुठली जागा खराब आहे ते तपासत. शेवटी कोरा फळा टांगायचा. गिऱ्हाइकाला त्या अर्ध्या तासानं घाम फुटे, आणि आमचं पोट मात्र त्याच अर्ध्या तासाच्या फुकट वाचनावर भरे. १९९१ मध्ये डॉसची पाचवी आवृत्ती आली, तिच्यात मायक्रोसॉफ्टनंच ‘अनफॉरमॅट’ देऊन टाकला. सेंट्रल पॉइंट नावाच्या कंपनीकडून घेतलेला. फॉरमॅट आता जुन्या फळ्याची नक्कल आधी बाजूला ठेवायचा. शेठ म्हणाले, धंदा बसला. पण माहितीपुस्तक कोण वाचतो? धंदा बसला नाही.

उलट तो सुजला, तो सोमवार २६ एप्रिल १९९९ रोजी. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी उठला. चेर्नोबिलच्या अपघाताचीही तीच तारीख, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. डिस्कच्या अगदी सुरुवातीचा एक एमबी तो शून्यांनी भरायचा, आणि जमलं तर मदरबोर्डवरची बायॉस चिपही खलास करायचा. दुपारपर्यंत आमच्या जिन्यावर सीपीयूंची रांग लागली. एक डॉक्टर, दोन सीए, एक वधूवर सूचक मंडळ. सगळ्यांचं म्हणणं एकच, कॉम्प्युटर हार्ड डिस्क ओळखतच नाही.

त्या आठवड्यात मला फळ्याबद्दलची खरी गोष्ट कळली. चाळीत फळे दोन असतात. फॅटची एक जादा प्रत लगेच शेजारीच लिहिलेली असते. फॅट१६ च्या डिस्कवर दोन्ही फळे लहान. म्हणून ते दोन्ही त्या पहिल्या एमबीतच सापडायचे आणि दोन्ही जायचे. पण विंडोज ९८ बरोबर पसरलेल्या फॅट३२ मध्ये दोन जीबीच्या डिस्कचा एक फळाच दोन एमबीच्या आसपास. व्हायरसचा एक एमबी पहिला फळा अर्धा खाऊन थांबला की दुसरा पूर्ण शाबूत. अमेरिकेतल्या स्टीव्ह गिब्सननं यावरच बेतलेला ‘फिक्स-सीआयएच’ फुकट वाटला. ज्यांनी नवी मोठी डिस्क घेऊन ‘उगाच पैसे घातले’ म्हणून बायकोची बोलणी खाल्ली होती, ते सगळे त्या आठवड्यात वाचले. वधूवर मंडळाची डिस्क जुनी होती. त्यांची स्थळं मी हातानं, सेक्टर वाचत वाचत काढली. अजून कधी एखादं जोडपं रस्त्यात भेटतं आणि मला उगाच वाटतं, यांचा फॉर्म मी पाहिलाय.

तर दिवाळी अंक. पहिलं काम म्हणजे डिस्कची सेक्टर-सेक्टर नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि मूळ डिस्क कपाटात टाकायची. पुढचं सगळं नकलेवर. यात आळस केलेले लोक मी धंद्यातून जाताना पाहिलेत. मग नॉर्टनचा डिस्कएडिट उघडला. मुख्य फळा गेला तरी आतल्या फोल्डरांच्या याद्या डिस्कवर विखरून राहतात, आणि प्रत्येक यादीची सुरुवात एक टिंब, मग दोन टिंबं अशी ठरलेली. मजल्यावरच्या छोट्या पाट्याच म्हणा. त्या शोधल्या की फायलींची नावं आणि पहिली खोली कळते. अशा पाट्या बऱ्याच मिळाल्या. चित्रं निघाली. जेपीईजी चित्राची सुरुवात एफएफ डी८ अशी असते आणि शेवट एफएफ डी९ असा, त्यामुळे ती पाटीवाचूनही ओळखू येतात. वर्डच्या फायलींच्या कपाळावर डी० सीएफ ११ ई० लिहिलेलं. रोमन लिपीत नीट पाहिलं तर ते ‘डॉकफाइल’ असं वाचता येतं, कुणा प्रोग्रामरचा चावटपणा.

अडलं ते मजकुरापाशी. बऱ्याच फायलींचे तुकडे झाले होते, आणि तुकड्याच्या कपाळावर काहीच नसतं. इंग्रजी मजकूर असता तर वाचून जोडला असता. हा मजकूर मराठी होता आणि श्री-लिपीत टाइप केलेला. त्या काळच्या आपल्या फाँटांत ‘क’ म्हणजे डिस्कच्या दृष्टीनं कुठलंतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह. फाँट चढवला की मराठी, काढला की शिवीगाळ. पडद्यावर मैलोन् मैल पसरलेल्या त्या कचऱ्यात कथा कोणती, राशिभविष्य कोणतं आणि पापडाची जाहिरात कोणती, हे देव जाणे.

वाट काढली ती छापखान्याच्या टायपिस्टबाईंनी. मी त्यांना म्हटलं, वहिनी, कथांमधली आठवतील ती नावं कोऱ्या फायलीत टाइप करा. त्यांनी अंक दोनदा टाइप केल्यासारखा पाठ म्हणून दाखवला. कथेतल्या नायिकेचं नाव, लेखातलं गाव, कवितेचं शीर्षक. ती फाइल मी आकड्यांत उघडायची, नावाचे आकडे टिपायचे आणि डिस्कभर तेच शोधायचे. दुसऱ्या दिवशी तर वहिनी पडद्यावरचा कचरा सरळ वाचू लागल्या. "हं, थांबा, ही आजी. आजी कथेच्या शेवटी मरते, म्हणजे हा तुकडा आधीचा." वर्षानुवर्षं बिघडलेल्या फाँटांच्या फायली दुरुस्त करून त्यांना ती लिपीच येऊ लागली होती. आज युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ई० ए४ किंवा ई० ए५ नंच सुरू होतं. मराठी मजकूर कुठे आहे हे यंत्रालाही कळतं. तेव्हा त्यासाठी वहिनी लागल्या.

सहा दिवसांत अंक निघाला, दोन लेख सोडून. त्या जागी गाणी बसली होती.

हाच खेळ पुढे मी एकदा बातमीत वाचला आणि अंगावर काटा आला. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावला ज्यात होती ते. त्यातली एक जळकी हार्ड डिस्क सहा महिन्यांनी टेक्सासमधल्या कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली. अर्धा जीबीही क्षमता नसलेली. मिनेसोटातल्या ऑनट्रॅकच्या लोकांनी तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा काढला. तो झेनॉन वायूवरचा प्रयोग होता, आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. तबकडीला खड्डे पडले होते, पण ते रिकाम्या भागात. आणि यंत्रावर डॉस होता, त्यामुळे डेटा सलग खोल्यांत नांदत होता. ज्या डॉसला आम्ही बाबा आदमच्या जमान्यातला म्हणून हसायचो, त्यानंच अब्रू राखली.

आमच्याकडे आग नाही, पाणी आलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढचा महिना गाळानं भरलेल्या डिस्क येत राहिल्या. डिस्क हवाबंद असते हा लोकांचा गैरसमज. तिला श्वासाचं एक बारीक भोक असतं आणि पाणी तिथूनच शिरतं. ज्यांनी डिस्क ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणली, त्यांची बरी निघाली. ज्यांनी गच्चीवर पापडासारखी वाळवली, त्यांच्या तबकड्यांवर गाळाचं कवच बसलं. त्यांना मी बाहेरच्या मोठ्या लॅबचा पत्ता द्यायचो. डिस्क उघडायला धूळमुक्त खोली लागते, माझ्या गाळ्यात तर पंखाही धूळ वाटायचा.

त्याच सुमारास जुन्या डिस्कांचा बाजार तेजीत होता. २००३ मध्ये एमआयटीच्या गारफिंकल आणि शेलाट या दोघांनी १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. चाललेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२. वाचून मला नवल वाटलं ते बारा निघाल्याचं.

२००७ च्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट खरोखर शून्यं लिहू लागला. आणि मग तबकडीऐवजी चिप असलेल्या एसएसडी आल्या. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ट्रिम आलं. म्हणजे फळा पुसला की घरमालकाला लगेच निरोप, या खोल्या रिकाम्या करून टाक. ड्राइव्ह सवडीनं आतून झाडून घेते. आमच्या धंद्याची सगळी मदार यंत्राच्या आळसावर होती. तो आळसच गेला.

गेल्या महिन्यात एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. वडिलांचे फोटो होते, वडील मार्चमध्ये गेले. भावानं लॅपटॉप विकायचा म्हणून क्विक फॉरमॅट मारला होता. "क्विकच आहे काका, फुल नाही," तो दोनदा म्हणाला. कुठेतरी वाचून आला असणार, आणि वाचलेलं एकेकाळी बरोबरही होतं. ड्राइव्ह एसएसडी होती. मी काही बोललो नाही. ड्राइव्ह जोडली, पहिला सेक्टर उघडला, नवा फळा दिसला. पुढे शून्यं. त्याला बसायला स्टूल दिलं, स्कॅन लावला, दोन चहा सांगितले. वीस मिनिटं आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो. चहा आला तेव्हा पट्टी एकसष्ट टक्क्यांवर होती आणि सापडलेल्या फायलींच्या रकान्यात शून्य. मी स्कॅन थांबवला नाही.