पावशाची पहिली तारीख

जे हा भाग न ऐकता नुसता वाचताय त्यांच्यासाठी सांगतो, सुरुवातीला जो आवाज वाजतो तो पावशाचा आहे. चढत चढत जातो, टिपेला पोचतो, थांबतो आणि परत पहिल्यापासून. आपल्याकडे त्याला 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं ऐकतात. रेकॉर्डिंग मोबाइलवरचं आहे, मागे बाइक जाते तिच्याकडे दुर्लक्ष करा.

काही वर्षांपूर्वी जूनच्या एका रविवारी मी वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या वाटेवर चहाला थांबलो होतो. पावशा ओरडला. मी उत्साहात ॲप उघडलं आणि टिप्पणीत लिहिलं, 'हंगामातला पहिला पावशा'. चहा देणाऱ्या मावशींना कौतुकानं दाखवलंही. त्या हसल्या. म्हणाल्या की हा तर शिमग्यापासून डोकं उठवतोय, तुम्हीच आज आलात.

आता बघा, मी नोंदवलं काय? पावशाची तारीख नाही, माझ्या सहलीची तारीख. आजचा सगळा भाग या एका चुकीवर आहे, कारण ही चूक मी एकट्यानं केलेली नाही. तिला जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

तर जाऊ या १८२४ मध्ये. पेशवाई जाऊन सहा वर्षं झालीत. कंपनी सरकारला नव्या मुलखाची माहिती हवीय: किती गावं, कुठली पिकं, सारा किती. विल्यम हेन्री सायक्स नावाचा लष्करी अधिकारी या कामावर नेमला जातो. हुद्दा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर', पण साहेबाला पिकांइतकाच पक्ष्यांचा, माशांचा आणि हवेच्या दाबाचा नाद. दख्खनभर तंबू ठोकत तो फिरला. पक्षी मारायचा, मोजायचा, पोट फाडून आत काय खाल्लंय तेही लिहायचा. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या अंकात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं आपल्या रानकुत्र्याला शास्त्रीय नावही दिलं होतं. त्या प्राण्याचं मराठी नाव 'कोळसून' हे इंग्रजी पुस्तकांत तेव्हापासून दिसतं. म्हणजे गावकऱ्यांना प्राणी ठाऊक होताच. यादीत नाव मात्र एकट्या सायक्सचं. त्याला वाटा दाखवणारे, पक्ष्यांची नावं सांगणारे कोण होते? माझा अंदाज आहे की त्यांच्याशिवाय ती यादी निम्मीही झाली नसती.

पण सायक्सची यादी 'काय आहे' हे सांगते. 'कधी येतं, कधी जातं' हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका माणसाला फिरून मिळत नाही. त्यासाठी पुष्कळ माणसं लागतात, आपापल्या जागी बसून राहिलेली. अमेरिकेत वेल्स कुक यांनी १८८१ च्या सुमाराला नेमकं हेच सुरू केलं. लोकांनी स्थलांतरी पक्षी पहिल्यांदा दिसल्याची तारीख कार्डावर लिहून पाठवायची. पुढे जवळपास ६० लाख कार्डं जमली! पार १९७० पर्यंत लोक लिहीत राहिले.

आपल्याकडे १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. आठांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. (सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. त्यांच्यावर कधीतरी वेगळा भाग करायचाय.) १८८६ पासून सोसायटीचं जर्नल निघू लागलं आणि हौशी लोकांच्या टिपणांना जागा मिळाली. १९४१ मध्ये सलीम अलींचं पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, मग दुर्बीण घेऊन फिरणारा वर्ग वाढला. वह्या भरल्या. त्यातल्या बहुतेक कपाटातच राहिल्या.

मग भोर आणि वेल्हे? या डोंगरात शास्त्रज्ञ आले नाहीत असं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या पुण्याच्या दोघांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी धुंडाळल्या, त्यांचा शोधनिबंध १९७६ चा आहे. तोवर धरणांसाठी रस्ते झाले होते आणि रस्त्यांबरोबर कोळसा पाडणारेही आले होते. गावानं देवाच्या नावानं राखलेल्या तुकड्यांत जुनं रान शिल्लक होतं. पण तेही 'काय आहे' याचंच काम. 'कधी' मात्र पंचांगात, मृग नक्षत्रात आणि मावशींच्या डोक्यात.

'कधी'साठी भारतात पहिली मोठी हाक २००७ मध्ये आली. मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला. सुरुवातीला नऊच हिवाळी पाहुणे पक्षी, आणि प्रश्न साधा: पहिल्यांदा कधी दिसला, शेवटचा कधी? मग २०१० च्या सुमाराला सीझनवॉच आलं, झाडांसाठी. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याच झाडापाशी जायचं, पालवी, फुलं, फळं किती ते लिहायचं. आंबा, जांभूळ, बहावा, पळस, काहीही चालतं. २०१४ पासून ईबर्डचं भारतासाठीचं रूप आलं आणि वही खिशातल्या फोनमध्ये शिरली. आधी नकाशाचा पॅक उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही नोंद होते, आणि मढे घाटाकडे जाताना याची किंमत कळते.

हे जमून काय झालं, ते २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात दिसतं. ३० हजारांवर निरीक्षक, ३ कोटी नोंदी, ९४२ जाती. पण दीर्घकाळात वाढ झाली की घट, हे फक्त ३३८ जातींबाबत सांगता आलं. त्यातल्या २०४ घटल्यात. बाकी शेकडो जातींचं काय? तुलना करायला सन २००० च्या आधीच्या नोंदीच पुरेशा नाहीत. आहेत त्यातल्या कितीतरी अशा, की कुणीतरी कपाटातली जुनी वही काढून तारखांसकट ॲपवर चढवली. तुमच्या घरी आजोबांची अशी वही असेल तर प्लीज रद्दीत घालू नका!

आता परत माझ्या चुकीकडे. पुण्याहून आपण भोर-वेल्ह्यात कधी जातो? पावसाळ्यात, शनिवार-रविवारी, राजगड-तोरणा नाहीतर धबधबा. म्हणजे आपल्या नोंदींत एप्रिलमधला मंगळवार जवळजवळ नाहीच. उद्या कुणी त्या आकड्यांवरून म्हणालं की इथे पावशा जूनमध्ये ओरडायला लागतो, तर चूक त्याची नाही. म्हणून मी दोन गोष्टी बदलल्या. एक, 'पहिला' हा शब्द लिहिणं बंद. दुसरं, पाहिलं-ऐकलं ते सगळं लिहायचं, किती वेळ थांबलो तेही, आणि काहीच खास नसलं तरी यादी पाठवायची. मार्चच्या यादीत चातक नाही, आणि तेव्हा माणूस तिथे हजर होता, हे कळलं तरच जूनमधल्या चातकाला अर्थ. कारण पावशा इथेच राहतो, फक्त गप्प बसतो, पण चातक खरोखर पावसाबरोबर येतो.

मावशींच्या धाकट्या लेकीकडे आता फोन आहे. ती गुरांमागे जाते त्या वाटेवर एक काटेसावर आहे, तीच तिनं निवडलीय. दर सोमवारी नोंद टाकते. मागच्या आठवड्याची मला दाखवली: पानं नाहीत, फुलं भरपूर, आणि खाली टिप्पणी, 'वानरांनी निम्मी पाडली'.