खोटा कागद, पण कोणाचा?

बनावट दस्तऐवजाचा खटला म्हटलं की आपण विचारतो, कागद खरा की खोटा? बचावाचा वकील मात्र विचारतो, तो केला कोणी? हा फरक समजून घ्यायला मी नेहमी दिल्लीचं सेंट किट्स प्रकरण सांगतो.

१९८९ची लोकसभा निवडणूक तोंडावर होती. बोफोर्सवरून राजीव गांधींना घेरणाऱ्या विश्वनाथ प्रताप सिंहांच्या मुलाचं कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावर बँक खातं आहे आणि त्यात २ कोटी १० लाख डॉलर आहेत, अशी बातमी आली. तिला आधार म्हणून कागदपत्रंही पुढे आली. ती बनावट असल्याचा गुन्हा सीबीआयने १९९०मध्ये नोंदवला. आरोपपत्र आलं १९९६मध्ये! त्यात चंद्रास्वामी होते आणि पी. व्ही. नरसिंह रावही. राव १९८९मध्ये परराष्ट्रमंत्री होते, शिवाय आपल्या रामटेकचे खासदार. (‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे तेच.) न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत हे कागद साक्षांकित व्हावेत म्हणून त्यांनी दबाव आणला, असा आरोप होता.

१९९७मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने रावांना आरोपनिश्चितीआधीच मुक्त केलं. पुरावा पुरेसा नव्हता. चंद्रास्वामी २००४मध्ये निर्दोष सुटले. म्हणजे कागद खोटा असणं वेगळं आणि त्यात माणसाचा हात सिद्ध होणं वेगळं.

कायद्यातही खोटा दस्तऐवज करणं आणि खोटा आहे हे माहीत असून तो वापरणं, हे दोन स्वतंत्र गुन्हे आहेत. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ आणि ३४०मध्ये आहेत. ज्याने दस्तऐवज केलाच नाही, त्याला बनावटीकरणासाठी दोषी धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं.

म्हणून फ्लॅटच्या कागदांवरून पोलिसांची नोटीस आली, तर कागद कोणी दिला, कधी दिला, पैसे कसे गेले, हे दाखवणारे मेसेज आणि पावत्या आधी वकिलाकडे द्या. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामीन मागता येतो. आरोपमुक्तीच्या अर्जाला आता प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे. दिल्लीच्या आसपास आणखी एक गुंता: गुन्हा नोएडात असेल तर उच्च न्यायालय अलाहाबादचं, गुरुग्राममध्ये असेल तर चंडीगडचं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि कोठडीतल्या आरोपीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.